सव्वा अंश

१२ ऑक्टोबर १९८३

आज पिंपळगाव बसवंतहून गोरक्ष आला. वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात उष्णतेच्या प्रकरणात नापास झालेला हा विद्यार्थी आता द्राक्षबागायतदार आहे. तो उष्णतेविषयीच विचारायला आला होता. छाटणीत निघालेल्या काड्या पिशव्यांत लावून तो त्यांची रोपे करतो. कडाक्याची थंडी पडली की कोवळे फुटवे काळे पडतात.

"मागल्या साली निम्म्या काड्या गेल्या, सर. यंदा नव्या जातीच्या हायेत, परत मिळायच्या नाय. प्लॅस्टिकच्या कागदाचं घर बांधू म्हणतो. पण रातचं आत ऊब राहील का, तेवढं तुम्ही गणितानं सांगा."

मी म्हणालो, गणित सांगेल, पण ते माझ्या डोळ्यांसमोर तपासले गेले पाहिजे. तेव्हा पहिले घर माझ्या परसात बांधायचे ठरले. आत शेगडी नाही, दिवा नाही. दिवसाचे ऊन पाण्यात साठवायचे आणि रात्री तेच पाण्याने हवेला परत द्यायचे.

न्यायशास्त्राच्या रीतीने मांडायचे तर, प्रतिज्ञा अशी: बाहेर पारा चार अंशांवर उतरला तरी आत तो दहाच्या खाली जाणार नाही. हेतू: पाण्याने साठवलेली उष्णता. दृष्टान्त अजून नाही. तो या हिवाळ्यात मिळवायचा आहे.

निवृत्त होऊन सात वर्षे झाली. इतक्या काळात मला कोणी काही विचारले नव्हते.

१४ ऑक्टोबर

धम्मदीक्षेचा वर्धापनदिन. मालनने नेहमीप्रमाणे पुस्तकांच्या फळीवर, बुद्धमूर्तीपुढे, मेणबत्ती व उदबत्ती लावली. वरच्या फळीची कड काजळीने काळी झाली आहे. तिथे माझे पाली ग्रंथ आहेत. ज्योतीने चित्त स्थिर होते या विधानात व्याप्ती, म्हणजे जिथे ज्योत तिथे स्थिर चित्त हा नियम, सिद्ध झालेली नाही, असे मी तिला सांगितले. ज्योत असूनही अस्थिर असलेली चित्ते मी पाहिली आहेत.

"मला सिद्ध नाही करायचं. लावायची आहे," ती म्हणाली.

"या खोलीत नको."

"दोनच तर खोल्या आहेत. स्वयंपाकघरात वाऱ्यानं टिकत नाही. मग कुठं लावू?"

"त्या प्रश्नाचा आणि पुस्तकांचा संबंध नाही."

तिने चिमटीत धरून वात विझवली. पुढे वाद घातला नाही. त्याअर्थी तिला पटले असावे.

६ नोव्हेंबर

घर उभे राहिले. दहा फूट लांब, सात फूट रुंद. बांबूचा सांगाडा, त्यावर दुहेरी कागद. संध्याकाळी वरून तरट पांघरायचे. उत्तरेच्या बाजूस पाण्याने भरलेली सहा पिंपे, बाहेरून काळी रंगवलेली. पुढे तीनशे पिशव्या. मध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी वाट. नीचांक टिपणारा तापमापक मधल्या पिंपाजवळ टांगला आहे.

"सर, द्राक्षाला गोधडी शिवा म्हणलं तर तुम्ही ग्रंथ लिहाया बसले," गोरक्ष माझ्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहून म्हणाला.

"गोधडी किती जाड असावी हे शिवण्याआधी ठरवावे लागते."

"तेच म्हणलं मी. नवरदेव लग्नाला उभा, अन् तुम्ही अजून माप घेताय."

मालन चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मी तिला सर्व समजावून सांगितले: पिंपांकडून हवेकडे, हवेकडून कागदाकडे, कागदाकडून आकाशाकडे. जमिनीकडूनही थोडी उष्णता येते. येणारी आणि जाणारी सारखी झाली की तापमान थांबते. तिने सर्व ऐकून घेतले. मग विचारले, "आणि आत माणूस बसलं तर?"

"आत माणूस बसण्याचे प्रयोजन नाही."

गोरक्ष हसला. ती कपबश्या घेऊन आत गेली.

२२ नोव्हेंबर

दोन आठवड्यांची निरीक्षणे हाती आली. दररोज सहाला गजर होतो. मी दिवा लावतो, चहा घेतो आणि परसात जाऊन नीचांक नोंदवतो. गणिताने काढलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष आकडा दररोज सुमारे सव्वा अंशाने अधिक निघतो. अधिक म्हणजे चांगलेच की, असे गोरक्ष म्हणेल. पण चूक कोणत्या दिशेला झाली यावरून ती लहान ठरत नाही. जी उष्णता कुठून येते हे मला ठाऊक नाही, ती उद्या येईलच असे कशावरून म्हणावे?

संभाव्य कारणे: पिशव्यांतले शेणखत कुजताना तापत असेल. कागदाच्या आतून जमणारे दव गोठत नसले तरी उष्णता सोडते. जमिनीचे वहन मी कमी धरले असेल. एकेक तपासायचे.

मालनचे गुडघे थंडीने धरले आहेत. ती म्हणते, सकाळी जरा बरे वाटते. हे विपरीत आहे. थंडीचे दुखणे सकाळी अधिक असायला हवे.

२८ नोव्हेंबर

शेणखताचा तर्क टिकत नाही. पिशवीच्या मातीत तापमापक खोचून पाहिला. माती हवेपेक्षा गरम नाही. जमिनीचे वहन दुप्पट धरून पाहिले. पहाटेचा फरक मिटतो, पण मग मध्यरात्री उठून टिपलेले आकडे जुळत नाहीत. जणू ही उष्णता रात्रभर नसून केवळ शेवटच्या प्रहरात येते. पाण्याला असे वागता येत नाही.

एका पिंपाच्या माथ्यावर मेणाचे दोन थेंब दिसले. गोरक्ष काड्यांची वरची टोके मेणात बुडवतो, तेव्हाचे असावेत. पुसून काढले. आत उदबत्तीचाही मंद वास होता. शेजारच्या घरातून येत असणार. कागद हवाबंद नाही, याची ही खूण. गळतीचा गुणक वाढवला. त्यामुळे फरक अधिकच वाढला.

मालनने चहाचा कप हातात दिला तेव्हा तिच्या बोटांना ओल्या मातीचा वास आला. भांडी घासून आली असेल.

४ डिसेंबर

नांदगावहून मालनची धाकटी बहीण चांगुणा आली आहे. तिचे यजमान रेल्वेत होते. त्यांच्या मागे ती तिथे एकटीच बालवाडी चालवते.

"काय दाजी, ताईपेक्षा पिंपांशीच जास्त बोलणं असतं म्हणे."

"पिंपांशी बोलत नाही. त्यांची नोंद घेतो."

"मग ताईचीही घ्या की एखादी."

जेवताना मालन म्हणाली, "मी चांगूबरोबर जाते. किती दिवस ते ठरवलं नाही. कदाचित तिथंच राहीन."

मी कारण विचारले.

"कारण सांगितलं तर तुम्ही ते खोडून काढाल."

यावर मी विचार केला. न सांगितलेले कारण खोडता येत नाही, हे खरे. शिवाय चांगुणा एकटी आहे आणि बालवाडीत मदतीला आणखी एका माणसाची गरज आहे. म्हणजे माझ्या बाजूने आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते. मी तसे सांगितले. बोलून झाल्यावर दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिले.

५ डिसेंबर

दोघींना नाशिक रोड स्टेशनवर सोडले. पिशवी अपेक्षेपेक्षा जड होती. काय आहे असे विचारले. ती म्हणाली, "माझंच आहे." गाडी सुटताना तिने खिडकीतून हाक मारली. मला वाटले, काही राहिले असेल. "तरट नीट दाबत जा. मागच्या कोपऱ्यातून वारा शिरतो."

मागच्या कोपऱ्याविषयी तिला कसे ठाऊक, हे विचारायच्या आत गाडी पुढे गेली.

घरी येऊन पाहिले. तिचे म्हणणे बरोबर आहे.

९ डिसेंबर

जुळले. सलग चौथ्या दिवशी गणित आणि तापमापक यांत दशांशापेक्षा अधिक फरक नाही. मागचा कोपरा बुजवल्याने गळती कमी झाली आणि तीच माझ्या मांडणीतली अशुद्धी होती, असे म्हणावे लागेल. सहा पिंपे, हवा, कागद, जमीन: एवढ्यावर रात्र पूर्ण मांडता येते. आता काही शिल्लक उरत नाही. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत इतका निर्भेळ आनंद झाला नव्हता.

हे सांगायला स्वयंपाकघरात गेलो. मग परत आलो.

दूध उतू गेले.

१२ डिसेंबर

गोरक्ष आला.

"काकू कुठं?"

"नांदगावला. बहिणीकडे."

"मग मी चहा ठेवू का?"

"मी करतो."

"नको सर. तुमच्या चहाचं मी ऐकून हाय. मला काड्या जगवायच्या हायेत, स्वतःबी जगायचं हाय."

त्याला जुळलेले आकडे दाखवले. त्याने मान डोलावली, पण लक्ष पिशव्यांकडे होते. एक पान उलटून पाहिले.

"सर, गणित बरोबर आलं म्हणता, मग ह्या सुकल्यावानी का दिसतात? मागच्या खेपेला लय तरतरीत होत्या."

आज आतला नीचांक साडेनऊ होता आणि बाहेर पाच. पाचाला साडेनऊ म्हणजे चाराला नऊच्याही खाली. मी कोपऱ्यातला वारा बंद केला, तरी घर आधीपेक्षा थंड झाले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. जुळल्याच्या आनंदात ही साधी विसंगती माझ्या ध्यानात आली नाही, आणि उष्णतेत नापास झालेल्या माणसाने ती पानावरून ओळखली. तो मात्र पानाशिवाय कशाकडेही पाहत नव्हता.

१६ डिसेंबर

प्रश्न नीट मांडतो.

पाच तारखेपूर्वी दर पहाटे एक उष्णता होती. त्यानंतर नाही. शेणखताची असती तर हळूहळू ओसरली असती. जमिनीची असती तर थांबलीच नसती. ती एका दिवसात पूर्ण थांबली, म्हणजे तिचे कारणही एका दिवसात निघून गेले. ती केवळ पहाटे येत असे, म्हणजे तिचे कारण पहाटे येत असे. माझ्याच गुणकांवरून तिचे परिमाण काढले: सुमारे एकशे ऐंशी वॅट.

शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. हे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. जळती मेणबत्ती साधारण ऐंशी.

बेरीज एकशे ऐंशी.

मग परसात गेलो. तिसऱ्या आणि चौथ्या पिंपाच्या मधे, मी कधी वाकलो नव्हतो त्या जागी, चौघडी घातलेले तरट होते. त्याच्या मध्यभागी खोलगा पडला होता. बाजूला काड्यापेटी. पिंपाच्या माथ्यावर, जिथे दव सुकून पांढुरकी साय धरते, तिथे एक स्वच्छ गोल. त्या मापाची बैठक घरात एकाच वस्तूची आहे. आत येऊन फळीकडे पाहिले. मूर्ती नव्हती. तिच्या जागी धुळीचा थर इतरत्र आहे तेवढाच आहे. म्हणजे ती पाच तारखेला गेली नाही, ऑक्टोबरातच गेली. दोन महिने मी रोज त्या फळीवरून पुस्तक काढतो.

ज्या भन्तेंकडे मी बौद्ध न्याय शिकलो, त्यांनी अनुपलब्धीचा हेतू शिकवताना पहिल्याच दिवशी एक अट घातली होती: एखादी गोष्ट दिसत नाही म्हणून ती नाही, असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा ती असती तर नक्की दिसली असती. त्यासाठी पाहणारा पाहत असावा लागतो. मी आत कोणी नसते असे गृहीत धरले, कारण मला कोणी दिसले नव्हते. ही अट मी चाळीस विद्यार्थ्यांना घोटून घेऊन शिकवली आहे.

तिच्या जाण्याने माझी मांडणी जुळली. नऊ तारखेच्या नोंदीतले 'निर्भेळ आनंद' हे शब्द मी खोडणार नाही. जे लिहिले ते राहू द्यावे.

१८ डिसेंबर

नांदगावला जाऊन आलो. बाजाराचा दिवस होता. स्टेशनपासून चांगुणाच्या घरापर्यंत ज्वारीच्या पोत्यांतून वाट काढावी लागली. बालवाडीला सुट्टी होती. मालन ओट्यावर बसून पाट्या पुसत होती.

"अग बाई, दाजी!" चांगुणा दारात आली. "पिंपांना कोणाच्या हवाली करून आलात?"

"चांगू, तू आत जा," मालन म्हणाली. मग मला, "काय झालं? गणित चुकलं का?"

"नाही. बरोबर आले."

"मग?"

गाडीत मी तीन वाक्ये तयार केली होती. त्यातले एकही आठवेना. म्हणालो, "तू गेल्यापासून बरोबर येते आहे."

तिने पाटी खाली ठेवली. तिला कळले की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून मला ठरवता आले नाही. चेहऱ्यावरून ठरवण्याचा मला सराव नाही.

"किती होते मी?" तिने विचारले.

"सव्वा अंश. मेणबत्ती धरून."

ती हसली. आवाज झाला नाही, पण खांदे हलले. "मला वाटलं त्याहून कमी असेन."

मी म्हणालो, फळी मोकळी आहे. मेणबत्ती तिथे लावता येईल. पुस्तके मी दुसरीकडे हलवली आहेत. हे खरे होते. आदल्या दिवशी ती मी माझ्या खाटेखाली रचली होती.

"धूर होईल."

"होऊ दे."

"पटलं म्हणून सांगताय, की मी यावं म्हणून?"

मी प्रामाणिक उत्तर दिले. ज्योतीने चित्त स्थिर होते हे मला आजही पटलेले नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी म्हणून आलो आहे.

ती पुन्हा पाट्या पुसू लागली. "मला ती जागा आवडायची. तिथं कोणी काही विचारत नव्हतं. आणि काड्यांना फुटवा आलेला आधी मला दिसायचा, तुम्हाला नंतर." मग म्हणाली, "आत्ता नाही येणार. मुलं रुळली आहेत माझ्यापाशी. रोपं लावणीला निघतील तेव्हा येईन. ती लावणीला जाताना पाहायची आहेत मला. नंतरचं नंतर. तोवर जगवा."

"आणि न जगली तर?"

"मग कशाला येऊ?"

चांगुणाने आतून चहा आणला. तिघांनी तो घेतला. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली.

२९ डिसेंबर

थंडीची लाट येणार असे आकाशवाणीवर सांगितले. गोरक्ष घाईने आला. आत शेगडी ठेवू म्हणाला. मी नको म्हणालो. धुराने फुटवे जातील.

"मग काय करायचं, सर? चारावर उतरलं तर संपलं. तुमचंच गणित म्हणतंय."

"गणितात एक पद कमी आहे. ते घालतो."

"कुठून आणणार?"

"घरात आहे."

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. "काकू कधी येणार हायेत?"

"काड्या जगल्या तर."

"असं हाय होय," तो म्हणाला. आज चहा त्याने केला.

३ जानेवारी १९८४

पाच दिवस झाले. सहाचा गजर तसाच लावतो, पण त्याआधीच उठून येथे येऊन बसतो. तरटाची चौघडी तशीच ठेवली आहे. खोलगा माझ्या मापाचा नाही, गुडघे पिंपाला टेकतात. पाठीला लागलेले पिंप मात्र कोमट असते. पहिल्या दिवशी मेणबत्ती लावली. ती केवळ ऐंशी वॅटसाठी लावतो आहे, असे स्वतःला सांगितले. ते विधान सत्य आहे. पुरेसे आहे की नाही, ते तपासलेले नाही.

त्या जागेवरून काय दिसते हे मला ठाऊक नव्हते. डावीकडे पिशव्यांची रांग, कोवळ्या फुटव्यांची टोके डोळ्यांच्या उंचीला. उजवीकडे दुहेरी कागदातून धूसर दिसणारी एकच गोष्ट: माझ्या खोलीची खिडकी. दोन्ही रजया अंगावर घेऊन मी तिथे निजलेला असे, आणि सहाला त्या खिडकीत दिवा लागला की ती येथून उठत असणार. स्वयंपाकघरात शिरताच मला चहा तयार मिळे तो असा.

आज बाहेर चार. मांडणीप्रमाणे आत नऊला थोडे कमी. तापमापक दहा पूर्णांक एक दाखवतो. सव्वा अंश. गणिताला माणूस लागते, ते कोणते हे तापमापक विचारत नाही. फुटवे हिरवे आहेत. सगळे मोजले नाहीत, हात लावून पाहिले.

सहाचा गजर घरात वाजला आणि वाजत राहिला. मी खिडकीकडे पाहत होतो. तिच्यात दिवा लागला नाही. लावणारा येथे बसला होता.